खारपाणपट्ट्यातली रेकॉर्ड: मे महिन्यात आलेल्या ‘ला प्लानेत सोवाज’चं प्रकरण

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं असलेल्या पट्ट्यात, एका गावात घडलेलं हे प्रकरण. संग्राहक शिक्षक आहेत, गाव त्यांना गुरुजी म्हणतं, इथेही तेच म्हणू. घरात वडिलांच्या वेळच्या साठेक एलपी, बहुतेक हिंदी सिनेमाच्या आणि नाट्यसंगीताच्या. परदेशातून मागवलेली ही पहिलीच. ‘१९७३ची मूळ प्रत’ म्हणून भरपूर पैसे मोजून घेतलेली तबकडी मे महिन्यात घरी आली ती परातीसारखी वाकून. गुरुजींनी ती सरळ केली, तर दर फेऱ्याला ‘हुश्श’ असा आवाज येऊ लागला. मग धुतली, तर कढईत मोहरी तडतडावी तशी ती तडतडू लागली. शिवाय ती मूळ प्रत नव्हतीच.

चार दोष आणि चारही वेगळ्या कारणांचे. म्हणून एकेक सुटा करून पाहू.

ही रेकॉर्ड कशाची

‘ला प्लानेत सोवाज’ हा रने लालू यांनी दिग्दर्शित केलेला फ्रेंच-चेकोस्लोव्हाक ॲनिमेशनपट १९७३चा, आणि ही त्याच्या संगीताची रेकॉर्ड. चित्रं रोलाँ तोपोर यांची, मूळ कादंबरी स्तेफान वुल यांची. निळ्या कातडीचे महाकाय द्राग माणसांना पाळीव प्राण्यासारखे बाळगतात, अशी गोष्ट. कान महोत्सवात त्याच वर्षी त्याला विशेष पुरस्कार मिळाला. संगीत आलँ गोरागेर यांचं. फ्रेंच गायक-गीतकार सेर्ज गेन्सबूर यांच्या सुरुवातीच्या रेकॉर्डांचं संगीत-संयोजन करणारे तेच हे. वा-वा पेडलवरची गिटार, इलेक्ट्रिक पियानो, बासरी, व्हायोलिनांचा ताफा आणि खाली सावकाश झुलणारं फंक. पुढे मॅडलिबसारख्या हिप-हॉप निर्मात्यांनी यातले तुकडे उचलले आणि जुन्या प्रतींचे भाव चढत गेले.

संग्राहकाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. रेकॉर्डवर पंचवीस छोटे तुकडे आहेत आणि एकच मुख्य धून निरनिराळ्या रूपांत परतत राहते, कधी बासरी-पियानोवर अगदी हळू, कधी ढोल-गिटारीसकट. दोष शोधायला ही मोठीच सोय. जोरदार तुकड्यात तडतड झाकली जाते, हळू तुकड्यात उघडी पडते. धून ओळखीची असल्यामुळे कान फसत नाही.

पहिला दोष: वर्ष वाचण्यातली चूक

मूळ प्रत फ्रान्समध्ये पाथेने १९७३ साली काढली. नंतर पुनर्मुद्रणं झाली. लंडनच्या डीसी रेकॉर्डिंग्जचं आणि पॅरिसच्या सुपरफ्लाय रेकॉर्ड्सचं संग्राहकांना माहीत असतं. मूळ प्रत चांगल्या स्थितीत असेल तर शेकडो युरोंना जाते, पुनर्मुद्रण त्याच्या लहानशा हिश्श्यात मिळतं. एवढ्या फरकामुळेच लबाडीला वाव राहतो.

गुरुजींना जाहिरातीत तीन फोटो दाखवले होते: पुढचं कव्हर, मागचं कव्हर आणि लेबल. लेबलवर वर्तुळातलं ‘पी’ आणि त्यापुढे १९७३ होतं. तेवढ्यावर व्यवहार झाला. पण ते वर्ष ध्वनिमुद्रण पहिल्यांदा प्रसिद्ध झाल्याचं असतं, तबकडी दाबल्याचं नव्हे. पुनर्मुद्रणावरही तेच वर्ष राहतं आणि कायद्याने ते बरोबरच आहे. विकणाऱ्याने खोटं छापलं नव्हतं, खोटं सांगितलं होतं.

प्रत हातात आल्यावर पाच मिनिटांत उलगडा झाला. मागच्या कव्हरच्या कोपऱ्यात बारकोड होता. १९७३ साली रेकॉर्डच्या कव्हरवर बारकोड नसायचे, त्यामुळे पुढे काही पाहायची गरजच उरत नाही. तरी तबकडी किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर ठेवली, १८२ ग्रॅम भरली. सत्तरच्या दशकातल्या एलपी सहसा ११० ते १४० ग्रॅमच्या असतात. १८० ग्रॅमची जाड तबकडी ही अलीकडच्या पुनर्मुद्रणांची पद्धत. नुसत्या वजनावरून निकाल देऊ नये, पण बारकोडबरोबर ते वजन पुरेसं बोलतं.

खरा पुरावा असतो तो रनआउटमध्ये, म्हणजे शेवटचा तुकडा संपल्यावर लेबलपर्यंत जी गुळगुळीत काळी पट्टी राहते तिथे. तबकडी ज्या साच्यातून निघाली त्याचा क्रमांक तिथे कोरलेला किंवा ठोकलेला असतो. कव्हर बदलता येतं, लेबल छापता येतं, हा क्रमांक मात्र साच्याबरोबर येतो. म्हणून पैसे भरण्याआधी दोन्ही बाजूंच्या रनआउटचे फोटो मागायचे. समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये काही दिसत नाही. टॉर्च बाजूने, जवळजवळ तबकडीला टेकवून धरली की अक्षरं उठून दिसतात. हे विकणाऱ्याला स्पष्ट लिहून सांगायचं. जो विकणारा ‘क्रमांक दिसत नाही’ म्हणतो, त्याच्याकडून मूळ प्रतीच्या भावात घेऊच नये, असं आमचं ठाम मत आहे. मिळालेला क्रमांक नोंदवलेल्या मूळ प्रतींशी अक्षर-अक्षर जुळवायचा. एखादा आकडा किंवा मधली रेघ वेगळी असली तरी थांबायचं.

परवान्याशिवाय दाबलेल्या प्रती हा आणखी एक प्रकार. कव्हरचं चित्र फोटोवरून फोटो काढल्यासारखं धूसर, बारीक अक्षरांच्या कडा फुटलेल्या, आणि फ्रेंच लेबलवर संगीताचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेच्या नावाची जी चौकट असते ती गायब. गुरुजींची प्रत मात्र परवानाधारक पुनर्मुद्रण होती. म्हणजे संगीत नीट, भाव चुकीचा. जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि पाकीट फोडतानाचं चित्रीकरण त्यांनी जपून ठेवलं होतं. त्या जोरावर रकमेचा काही भाग परत मिळाला. ते नसतं तर हात चोळत बसावं लागलं असतं.

जकातीबद्दल एवढंच, की ती नुसत्या रेकॉर्डच्या किमतीवर लागत नाही. टपालखर्च आणि विमा धरून लागते. रेकॉर्ड ३० युरोची आणि टपाल २८ युरोचं असेल तर हिशोब ५८ पासून सुरू होतो. म्हणून एकाच विकणाऱ्याकडून दोन-तीन रेकॉर्डी एकत्र मागवणं परवडतं.

दुसरा दोष: परात

तबकडीचं प्लास्टिक साधारण ६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं. त्याखालीही सतत दाब आणि ऊब मिळाली तर ते हळूहळू आकार सोडतं. मे महिन्यात अकोला-अमरावतीकडे सावलीतला पारा ४५च्या आसपास असतो, उन्हात उभ्या बंद गाडीच्या आत तो ६० ओलांडतो. मुंबईहून निघालेलं पार्सल गाडी, फलाट, गोदाम, पुन्हा गाडी असं करत तालुक्याला पोचतं आणि यातल्या कुठल्या तरी टिनाच्या शेडखाली आडवं पडून राहतं. वरून इतर पार्सलांचं वजन असतंच. गुरुजींचं पार्सल त्यावर कडी म्हणून घराच्या ओट्यावर दुपारभर उन्हात होतं.

कव्हरची वरची शिवणही फुटली होती. कारण तबकडी कव्हरच्या आतच ठेवून पाठवलेली. धक्के बसतात तशी तिची धार कागद कापत जाते. तबकडी आतल्या पाकिटासह कव्हरच्या बाहेर, दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये ठेवून पाठवायला सांगायचं. जाणकार विकणारे हे करतातच, पण सांगितल्याशिवाय गृहीत धरू नये.

बशीसारखा समान बाक आणि एका कडेला आलेली लाट यांत फरक आहे. लाट असली की सुई उडते. समान बाक दोन-अडीच मिलिमीटरपर्यंत असेल तर बहुतेक वेळा सुई निमूट चालते आणि ऐकताना काही कळतही नाही. तबकडी सपाट काचेवर ठेवून कडेखाली पोस्टकार्डं सरकवून बाक मोजता येतो. गुरुजींच्या तबकडीचा बाक दोन मिलिमीटरच्या आतच होता. म्हणजे काहीच करायला नको होतं.

तिसरा दोष: हुश्श

पण काहीतरी केलं गेलं. दोन काचांमध्ये तबकडी ठेवून, वर वीट ठेवून, स्लॅबवर उन्हात. ही युक्ती गावोगावी सांगितली जाते. काळी तबकडी, वर काच आणि मेचं ऊन. आतलं तापमान किती चढलं हे कुणी मोजलेलं नव्हतं. भर म्हणजे पाण्याच्या टाकीची सावली काचेच्या अर्ध्या भागावर पडत होती. अर्धी तबकडी भाजली, अर्धी नाही. बाक गेला, पण ज्या बारीक खाचेत आवाज कोरलेला असतो आणि जिच्यातून सुई चालते, तिच्या भिंती भाजलेल्या बाजूला ढासळल्या.

हे कानाने कसं ओळखायचं? तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला १.८ सेकंद. आवाज नेमका दर १.८ सेकंदांनी येत असेल तर दोष तबकडीच्या एका ठरावीक बाजूला आहे: ओरखडा, लाट किंवा भाजणं. ओरखडा ‘टक्’ करतो, भाजलेला भाग ‘हुश्श’ करतो. अनियमित तडतड असेल तर ती धूळ, क्षार किंवा स्थिर विजेची. आणि लेबलकडे जाता जाता आवाज चिरका होत असेल तर बहुधा खाच झिजलेली आहे; झीज आतच आधी ऐकू येते, कारण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच जाते, आत येईपर्यंत तेच २१ सेंटिमीटरवर येतं. तेवढ्याच जागेत जास्त आवाज कोंबलेला असतो.

गुरुजींच्या तबकडीवर हुश्श फक्त बाहेरच्या दोन तुकड्यांत आहे. ते जाणार नाही. ढासळलेली खाच धुऊन, दाबून, कशानेही उभी राहत नाही.

ज्यांना बाक काढायचाच असेल त्यांनी घरातल्या सर्वांत थंड खोलीत, ६ मिलिमीटरच्या दोन सपाट काचांमध्ये, वर पाच-सहा किलो वजन सारखं पसरून तबकडी महिनाभर ठेवावी. थोडाच फरक पडतो. पण नुकसान होत नाही.

चौथा दोष: मोहरी

हा या प्रकरणाचा गाभा आहे आणि तो अगदी आपल्या भागातला आहे. दर्यापूर पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतं. विहिरीचं, बोअरचं पाणी मचूळ, सोडियमचे क्षार भरपूर. गुरुजींनी तबकडी बोअरच्या पाण्याने साबण लावून धुतली आणि सुती दुपट्ट्याने पुसली. पाणी उडून गेलं, क्षार खाचेत राहिले. बाजूने टॉर्च मारून दहापट भिंगातून पाहिलं तर खाचेच्या कडांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके ओळीने बसलेले दिसत होते, मधूनमधून दुपट्ट्याची तुसं. सुई प्रत्येक ठिपक्यावरून जाताना एक ‘तट्’.

आपलं पाणी कसं आहे हे पाहायला तबकडी पणाला लावायची गरज नाही. आरशावर चार थेंब टाका आणि सावलीत वाळू द्या. पांढरं वर्तुळ उमटलं की ते पाणी रेकॉर्डला लावायचं नाही. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर असेल तर उत्तमच. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर ही इष्ट मर्यादा आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. या बोअरचं मोजमाप १८०० भरलं. गावच्या आरओ जारचं ७० होतं. पहिल्या धुण्याला ते चालेल, शेवटच्या पाण्याला नाही. शेवटचं पाणी डिस्टिल्डच. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी तालुक्याला पाच लिटरच्या कॅनमध्ये मिळतं, मात्र मीटरवर ते ५च्या खाली आहे ना हे तपासून घ्यावं.

या तबकडीच्या बाबतीत एक नशीब बरं. सोडियमचे क्षार साध्या शुद्ध पाण्यात विरघळतात. चुनखडीचा थर असता तर काम अवघड होतं.

धुलाई अशी केली. ९०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात १०० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल, मोबाईल दुरुस्तीवाले वापरतात ते, आणि बिनवासाच्या, बिनरंगाच्या भांड्यांच्या द्रवसाबणाचे तीन थेंब. साबणाचं काम फेस काढणं नसून पाण्याला खाचेत उतरवणं हे आहे, म्हणून तीनच. लेबलचा व्यास दहा सेंटिमीटर असतो, त्यावर रबरी कड असलेलं प्लास्टिकचं झाकण घट्ट धरलं. द्रावण पसरून दहा मिनिटं भिजू दिलं. ही दहा मिनिटं टाळू नयेत, क्षार घासून नाही तर भिजूनच सुटतात. मग मऊ केसांच्या रंगाच्या ब्रशने खाचेच्या दिशेने, गोल गोल, प्रत्येक बाजूला पंधरा फेरे. आडवा ब्रश मारायचा नाही. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याचे दोन हात, दर वेळी नवं पाणी. एका तबकडीला एकूण दीड लिटर लागलं.

पुसली नाही. स्वयंपाकघरातल्या ताटाळ्यात उभी केली, सावलीत, पंखा बंद, ताटाळ्यावर धुतलेलं मायक्रोफायबरचं फडकं टाकून. दोन तासांत कोरडी. ताटाळ्याला गंज किंवा धारदार काडी असेल तर तारेवर सायकलची जुनी ट्यूब कापून चढवावी.

पहिल्या धुलाईनंतर तडतड निम्म्यावर आली, दुसरीनंतर बासरीच्या हळू तुकड्यांतही जवळजवळ गेली. दोन धुलाईंच्या मध्ये सुई मागून पुढे ब्रशने साफ केली, कारण सुटलेला क्षार तिच्या टोकाला चिकटून बसला होता. हे केलं नाही तर धुतलेली तबकडीही घाणेरडी ऐकू येते आणि दोष धुलाईवर जातो.

एक इशारा द्यायलाच हवा: हे अल्कोहोलचं द्रावण वडिलांच्या किंवा आजोबांच्या काळातल्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांना लावू नका. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते.

प्लेअर

घरातला जुना पेटीप्लेअर सिरॅमिक काट्रिजचा होता (काट्रिज म्हणजे सुई जिच्यात बसवलेली असते ती डबी). त्याच्या सुईचा भार काट्यावर सहा ग्रॅमहून जास्त निघाला. अशा सुईखाली नवी तबकडी वारंवार लावली तर ती लवकर झिजते. आता दोन ग्रॅम भाराचं मॅग्नेटिक काट्रिज असलेला प्लेअर आहे. भार मोजायला सोनाराच्या पद्धतीचा ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा पुरतो.

‘व्होल्टेज पडलं की रेकॉर्ड हळू चालते’ असं गावात सर्रास म्हणतात. सिंक्रोनस मोटरच्या प्लेअरला ते लागू नाही. तिचा वेग विजेच्या वारंवारितेवर ठरतो आणि ती गावातही ग्रिडप्रमाणे ५० हर्ट्झच असते, दिवा मिणमिणत असला तरी. वेग कमी असेल तर आधी रबरी पट्टा पाहा, उन्हाळ्यात तो सैल पडतो. अमेरिकेतून आणलेला ६० हर्ट्झचा प्लेअर मात्र इथे मिनिटाला २७.८ फेऱ्यांवरच चालेल. वेग तपासायला स्ट्रोब चकती, म्हणजे कडेने सारख्या अंतरावर १८० रेघा असलेली चकती, कागदावर छापून तबकडीच्या जागी ठेवायची आणि साध्या पिवळ्या बल्बखाली फिरवायची. रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. काही एलईडी दिवे लुकलुकतच नाहीत, त्यांच्याखाली हे जमत नाही. बारीक ‘गूं’ येत असेल तर बहुधा घराला अर्थिंगच नाही किंवा प्लेअरची अर्थची बारीक तार ॲम्प्लिफायरला जोडायची राहिली आहे.

ठेवायचं कुठे

गुरुजींच्या घराला दोन भाग आहेत: पुढे नवा स्लॅब, मागे जुनं धाब्याचं घर. रेकॉर्डी स्लॅबच्या खोलीत, कूलरसमोर होत्या. थंड वाटतं म्हणून. पण पाण्याचा कूलर खोलीतला दमटपणा इतका वाढवतो की कव्हरच्या पुठ्ठ्यावर आणि बोटांच्या ठशांवर बुरशी धरते. वडिलांच्या सात कव्हरांवर ती आढळली. रेकॉर्डींना १८ ते २१ अंश आणि चाळीस-पन्नास टक्के आर्द्रता मानवते. गावात हे वर्षभर साधणं शक्य नाही, पण टोकं टाळता येतात. धाब्याच्या घराच्या जाड मातीच्या भिंतींमुळे आतला पारा दिवसभर फार हलत नाही. आता रेकॉर्डी तिथे आतल्या भिंतीला आहेत, भिंतीपासून चार बोटं सोडून, लोखंडी मांडणीवर, कारण त्या भिंतींना वाळवी असतेच. मांडणीचे पाय पाण्याच्या नव्हे, जळक्या ऑइलच्या वाट्यांत. रेकॉर्डी उभ्या, ना तिरप्या ना ठासून. आतली पाकिटं पॉलिथिनची, बाहेरची पॉलिप्रॉपिलिनची. जाड, चकचकीत, वास येणारी पीव्हीसीची पाकिटं काढून टाकली. उन्हाळ्यात त्यांतून सुटणारा तेलकट अंश तबकडीवर धुरकट डाग पाडतो. हा डाग निघत नाही.

उरला कापूस. दसऱ्यापासून वेचणी सुरू होते आणि भाव येईपर्यंत पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस रचलेला असतो. हवेत तुसं तरंगतात. कागदी पाकिटातून तबकडी ओढली की तिच्यावर स्थिर वीज येते आणि तुसं चुंबकासारखी ओढली जातात. कापूस घरात असताना रेकॉर्ड लावायचीच असेल तर दार लावून, हात ओला करून पुसून, आणि लावण्याआधी कार्बन फायबरचा ब्रश तबकडी फिरत असताना दोन फेरे टेकवून.

आता मागवण्याचं गणित उघड होतं. मार्च ते जून ऊन, जुलै ते सप्टेंबर ओल आणि भिजलेली पार्सलं, दसऱ्यानंतर घरात कापूस. पार्सल हातात पडावं जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत, कापूस विकून खोली झाडून झाल्यावर. फ्रान्सहून टपालाने तीन-चार आठवडे धरले तर ऑर्डर संक्रांतीच्या आधी द्यायची, आणि पत्ता घराचा न देता तालुक्याच्या टपाल कार्यालयातून स्वतः उचलायची सोय करायची. गुरुजींनी मूळ प्रतीचा नाद तूर्त सोडला आहे. त्याच पुनर्मुद्रणाची दुसरी प्रत, या वेळी पुनर्मुद्रणाच्याच भावात, त्यांनी डिसेंबरच्या यादीत लिहून ठेवली आहे. रनआउटचे फोटो आधीच मागवले आहेत.